साडेसहाशे माणसांचा हात

इंद्रजितच्या उजव्या कानाची वरची पाळी मातीत पडली, तेव्हा साडेसहाशे माणसांनी एकाच क्षणी आपापल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

पट्टा माझ्या हातात होता. इंद्रजित, आमच्या वस्तादांचा पुतण्या, ढाल-तलवार घेऊन समोर उभा. बारा वर्षं आम्ही एकमेकांवर वार करत आलो होतो आणि बारा वर्षांत कुणाला साधं खरचटलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याचा पाय ओल्या मातीवर बोटभर सरकला, एवढंच. कानाजवळून जायचं ते पातं कानातून गेलं. मला खांद्यात पुसटसं काहीतरी कळलं, मळलेल्या कणकेतून सुरी गेल्यासारखं. मग रक्त. त्याच्या पांढऱ्या अंगरख्याची बाही कोपरापर्यंत लाल झाली.

आणि प्रेक्षकांमधून आवाज आला. किंकाळी नव्हती ती. साडेसहाशे जणांनी एकदम सोडलेला श्वास होता. फार भूक लागल्यावर पहिला घास पोटात गेला की माणूस सोडतो ना, तसा.

"काय न्हाई, काय न्हाई," इंद्रजित कान दाबून म्हणाला. "भिकबाळी घालायची लई हौस होती, देवूताई. ऱ्हायली आता."

मी हसले. खरं सांगायचं तर तेव्हा मला हसू आलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या वाराची ओढ खांद्यात आली. ती कुठून आली ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कोल्हापूरला येणारा पाहुणा सकाळी देवीला जातो, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो. संध्याकाळी त्याला काय दाखवायचं, हा शहरापुढचा जुना प्रश्न. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका सोडून दिलेल्या दगडी खाणीत 'अनुभूती' नावाच्या कंपनीनं त्याचं उत्तर उभं केलं. खाणीच्या उतारावर पायऱ्या, तळाला तांबडी माती, आणि रोज साडेपाचला आमच्या तालमीचे मर्दानी खेळ. लाठी, भाला, तलवार, शेवटी माझा दांडपट्टा. माझा नवरा निवास हलगीवर.

नुसता खेळ बघायला एवढे लोक आले नसते. ते कंठीसाठी यायचे.

कंठी म्हणजे प्रेक्षकाच्या गळ्यात घालायची एक मऊ पट्टी. आमच्या पाठीवर आणि खांद्यावर तशीच एक लांब पट्टी चिकटवलेली असायची. हात हलायच्या आधी, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढं आधी, स्नायूत विजेचे बारीक ठोके सुरू होतात. आमची पट्टी ते टिपायची. छातीची धडधड, घाम, श्वास, सगळं टिपायची. मानेतून मेंदूकडे एक मोठी नस जाते. कंठी त्या नसेला कातडीवरूनच मुंगीच्या पावलांएवढे हलके झटके द्यायची. बाकीचं काम मेंदू स्वतःच करतो. डोळ्यांपुढे पट्टा फिरताना दिसतोय, कानात हलगी आहे आणि छाती माझ्या छातीच्या ठोक्यावर धडधडतेय, एवढं जमलं की मेंदू म्हणतो, हा हात माझाच. इंदूरहून आलेल्या, आयुष्यात भाजीची सुरी सोडून काही न धरलेल्या बाईला चाळीस मिनिटं वाटायचं की पट्टा तीच फिरवतेय.

हे सगळं मृदुला सबनीस मॅडमनी बनवलं होतं. पुण्याच्या. वयानं माझ्याएवढ्याच, बारीक, बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची सवय. वाईट बाई नव्हती ती. हे मी मुद्दाम सांगतेय.

आता पट्ट्याबद्दल. दांडपट्टा म्हणजे चार-साडेचार फुटांचं लवचीक पातं आणि त्याला कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. हात त्या खोबळ्यात जातो, आत आडवी मूठ, वरून चामड्याचा बंद. तलवार हातातून टाकता येते, पट्टा टाकता येत नाही. मनगट बांधलेलं असतं, वार खांद्यातून निघतो.

आमच्या रविवारच्या खेळाचा शेवट ठरलेला. माणूस उताणा झोपतो, त्याच्या गळ्यावर लिंबू ठेवतात, आणि पट्ट्यानं लिंबाच्या दोन फोडी करायच्या. गळ्याला पात्याची धार नाही, नुसता वारा लागला पाहिजे. तो माणूस कोण असावा याचा आमच्या तालमीत एक रिवाज आहे. ज्यानं हातात पट्टा दिला, त्यानंच मान द्यायची. म्हणजे कुठलाही वस्ताद ऐऱ्यागैऱ्याला पट्टा देत नाही. मला नऊ वर्षांची असताना पट्टा दिला सर्जेराव खापणे वस्तादांनी. पेठेतल्या लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी सगळ्यांसमोर गळ्यावर लिंबू ठेवून घेतलं आणि विषय संपवला.

झोपण्याआधी ते दर वेळी एक प्रश्न विचारायचे. पट्ट्याच्या हाताचा खांदा आपल्या पंज्यात धरायचे आणि म्हणायचे, "भ्या वाटतंय काय?"

"वाटतंय, वस्ताद," असं म्हणायचं. आणि ते खरं असायचं. खांदा बारीक थरथरत असायचा. ती थरथर पंज्यात लागली की ते मान हलवून आडवे व्हायचे. एकदा इंद्रजित ऐटीत "न्हाई" म्हणाला होता. त्याला वर्षभर लिंबू मिळालं नाही.

खाणीतल्या खेळात वस्तादांनी खांद्याला हात लावायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं. पाठीवरच्या पट्टीचं मुख्य यंत्र तिथंच बसवलेलं असायचं, दाब पडला की खरखर यायची. "प्रश्न मात्र विचारा हं, वस्ताद. लोकांना फार आवडतो."

वस्ताद म्हणाले, "बरं."

आमच्या हातून एवढीच चूक झाली. पण ती झाली.

*

कानाच्या प्रकारानंतर आठ दिवसांनी मॅडमनी आम्हाला बोलावलं. मला वाटलं, झापणार. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला काही जाणवलं? लोकांकडून?"

मी खांद्याचं सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणजे पोचतंय. गेले दोन महिने आम्ही उलटी लाट सोडून बघतोय, अगदी कमी ताकदीनं. प्रेक्षक कंठी घालून गप्प बसतात. टाळी नाही, शिट्टी नाही. तुम्ही कलाकार, तुम्हाला समोरून काहीच मिळत नाही. म्हणून सगळ्यांच्या कंठ्यांमधून त्यांना काय वाटतंय ते गोळा करायचं, त्याची सरासरी काढायची आणि तुमच्या पाठीत परत द्यायची. तुम्हाला न सांगता केलं, ते चुकलं माझं. आता विचारून करते."

"सरासरी म्हंजे?" इंद्रजितनं विचारलं. कानाला अजून पट्टी होती.

"साडेसहाशे माणसांनी वाटेल तशा टाळ्या वाजवल्या तर नुसता गोंगाट होतो. एकमेकांत विरून जातो. पण सगळ्यांनी एका तालात वाजवल्या तर खाण हादरेल. तसंच आहे. एकाला पोराची आठवण येते, एकाला पोट दुखतं, एकाला इंद्रजितची दया येते, एकाला भीती वाटते, पण प्रत्येकाला वेगळ्या क्षणाला. ते सगळं विरतं. सगळ्यांना एकाच क्षणी जे वाटतं, तेवढंच उरतं आणि मोठं होऊन येतं."

"आणि ते काय असतं?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "उत्साह म्हणू या."

आम्ही हो म्हणालो. का म्हणालो ते लपवत नाही. मला तो उत्साह पुन्हा हवा होता.

तो काय होता ते मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. पट्टा उचलला की पाठीच्या कण्यातून ऊन चढत यायचं. दमणं नाही, दुखणं नाही. वार कुठं पडणार ते आधीच ठाऊक, आणि तो पडावा असं इतकं वाटायचं की दात शिवशिवायचे. इंद्रजितच्या ढालीवर मी असे घाव घालायला लागले की महिन्याभरात तीन ढाली फुटल्या. त्याच्या पुढच्या हातावर, मांडीवर, बरगडीवर खुणा पडल्या. तोही मला सोडत नव्हता. त्याच्याही पाठीत लाट होतीच. एकदा त्यानं तलवारीची मूठ माझ्या तोंडावर हाणली. माझा दात हलला, तोंडात रक्ताची खारट चव आली आणि पायऱ्यांवरून तोच श्वास सुटला. आम्ही दोघं हसत होतो. रक्ताळलेल्या तोंडानं हसत होतो, आणि निवास हलगीवरून आमच्याकडे असा बघत होता जसा अनोळखी माणसांकडे बघतात.

"तुझा हात आता थरथरत नाही," तो एकदा घरी येताना म्हणाला.

"चांगलंय की मग."

त्यानं हलगी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

खेळ सुटल्यावर बाहेर गाड्या लावायच्या जागी काय व्हायचं ते आम्हाला रखवालदार सांगायचा. सभ्य घरची माणसं. आधी हळू आवाजात गप्पा, मग धक्का लागला म्हणून गचांडी. एका संध्याकाळी मी स्वतः पाहिलं. नागपूरच्या बाजूचा एक पन्नाशीचा माणूस, खांद्यावर मुलीची गुलाबी पिशवी, आपल्याच मेहुण्याचं डोकं गाडीच्या दारावर आपटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. हलगीच्या ठेक्यावर. ओढून बाजूला काढला तेव्हा तो हातांकडे बघून रडायला लागला. "मी असा नाहीये हो," म्हणत होता. "विचारा कुणालाही."

मला तेव्हा त्याची कीव आली. आपण त्याच्यातलेच आहोत हे मला कळलं नव्हतं. ते कळलं दुसऱ्या दिवशी.

*

ओवी तेव्हा साडेतीन वर्षांची. माझी लेक. पट्ट्याला ती 'लांब चमचा' म्हणते. झोपताना तिला माझ्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत लागतो. डावा दिला तर डोळे मिटूनच ओळखते आणि ढकलून देते.

त्या संध्याकाळी मी घरी आले, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. तिनं भाताची ताटली उचलली आणि ती तिच्या हातातून पालथी पडली. एवढंच. स्टीलची ताटली फरशीवर पडल्याचा आवाज झाला आणि माझ्या कण्यातून ऊन चढलं.

पाठीला पट्टी नव्हती. समोर माणसं नव्हती. तरी हात खांद्यातून उठला.

मारलं नाही मी. हात वर गेला तो कसातरी वळवला आणि तिचा दंड धरला. धरला म्हणजे आवळला. किती वेळ, सांगता येत नाही. तिचं तोंड उघडलेलं होतं आणि आवाज येत नव्हता. मग निवासनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

तिच्या दंडावर चार निळे डाग उठले. पाचवा, अंगठ्याचा, आतल्या बाजूला, काखेजवळ, जिथं कातडी सर्वांत मऊ असते.

"आईचा हात गरम आहे," ती निवासला सांगत होती. तक्रारीच्या सुरात नाही. माहिती म्हणून.

त्या दिवसापासून मी तिला उजवा हात लावला नाही. डाव्या हातानं भरवलं, डाव्या हातानं वेणी घातली, वाकडीतिकडी. झोपताना डावा अंगठा दिला. पहिले दोन दिवस तिनं तो ढकलला. तिसऱ्या दिवशी घेतला. तिनं तो घेतला याचंच मला जास्त लागलं.

मी मॅडमना फोन केला. त्या खरंच घाबरल्या. अंगात उसळलेलं तासाभरात उतरतं असा त्यांचा हिशोब होता. "रोज रोज तीच वाट तुडवल्यावर मेंदूला ती वाट पाठ होत असेल," त्या म्हणाल्या. "मला वेळ द्या. पुढच्या आठवड्यात लाट बंद करून तपासू. फक्त रविवारपर्यंतचे खेळ होऊ दे, त्या दिवशी परदेशी पाहुणे आहेत."

"लाट रविवारीच बंद करा."

"करते. बघते."

मग मी वस्तादांकडे गेले. ते तालमीच्या कट्ट्यावर बसून पात्याला तेल लावत होते. मी चहा घेतला, बश्या विसळल्या, इकडचं तिकडचं बोलले.

"बोल की गं," ते शेवटी म्हणाले. "कवाधरनं घुटमळतीस."

"वस्ताद, रविवारी लिंबू नको."

"का?"

काय सांगायचं? माझा हात माझा राहिला नाही, असं? त्यांनी बावीस वर्षं ज्या हातासाठी मान दिली तो? ते म्हणाले असते ठीक आहे, आणि तालमीत त्याचा एकच अर्थ झाला असता, की वस्तादांनी मान काढून घेतली. आमच्याकडे मान काढून घेतलेल्या माणसाला कुणी पुन्हा हत्याराला हात लावू देत नाही. वस्तादांनी त्यांच्या अख्ख्या आयुष्यात कुणाची मान काढून घेतलेली नव्हती.

"दमलोय जरा," मी म्हणाले.

"दमलीस तर नीज," ते हसले. "मान माझी जायाची, आणि झोप तुझी उडालीया व्हय?"

मला तेव्हा ओवीचा दंड सांगता आला असता. मी सांगितला नाही.

*

रविवारी पायऱ्यांवर जागा नव्हती. पट्टी पाठीला चिकटवणाऱ्या मुलीला मी विचारलं, "लाट बंद आहे ना?" ती म्हणाली, "मॅडमनी कमी केलीये, ताई."

कमी केली होती. पुढं आलेखावर मी ते पाहिलं. पण एव्हाना मला कमीही पुरत होती.

इंद्रजितबरोबरचा खेळ सहा मिनिटांचा. चौथ्या मिनिटाला मी त्याची ढाल फोडली, पाचव्याला त्याच्या तलवारीच्या हाताचं मनगट. हाडाचा आवाज हलगीतूनही ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला आणि मी थांबले नाही, त्याच्या पाठीवर आडव्या पात्यानं दोन घाव घातले. अंगरखा फाटून खालची कातडी उलली. त्याला उचलून नेलं. पायऱ्या श्वास सोडत होत्या.

मग खाणीच्या पलीकडच्या तोंडातून वस्ताद आले, यातलं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पांढरं धोतर, उघडं अंग, हातात लिंबू. माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा पंजा सवयीनं माझ्या खांद्याकडे आला आणि यंत्र आठवून मागे गेला.

"भ्या वाटतंय काय?"

मी आत पाहिलं. भीती नव्हती. ओवी नव्हती, निवास नव्हता, समोरचा म्हातारा नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन पेठेतून मिरवणारा माणूस नव्हता. तो एक गळा होता.

"वाटतंय, वस्ताद," मी म्हणाले. पाठ केलेलं म्हणतात तसं.

ते आडवे झाले. माझ्या शब्दावर झाले.

हलगी चढली. पट्टा डोक्याभोवती फिरायला लागला, एक फेरी, दुसरी, तिसरी. लिंबू पिवळं. त्याखाली गळ्याची घाटी, पांढरे खुंट, घाम. चौथ्या फेरीला पातं उतरायचं असतं. ते लिंबाच्या वरच्या सालीवर उतरायला हवं, आणि माझा खांदा खालची रेघ धरत होता. मला दिसत होतं. मी बघत होते आणि मला ते हवं होतं.

तेव्हा हलगी थांबली.

निवासनं चौथी फेरी बघितली होती. बारा वर्षं तो माझा खांदा बघत आला होता. त्यानं हलगी नुसती थांबवली नाही, फेकली. आणि तालमीत पहिल्या दिवसापासून हाडात मुरवलेलं असतं, की हलगी थांबली की हत्यार थांबतं. खांदा अडला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. त्या वेळात साडेसहाशे माणसं अजून ओढत होती, पातं येत होतं, मनगट बांधलेलं होतं. माझ्यापाशी माझं असं एकच उरलं होतं. गेले सहा दिवस ओवीला दिलेला डावा हात.

तो मी मध्ये घातला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लिंबाबरोबर गेलं. पातं हाडावर आपटून वळलं आणि वस्तादांच्या गळ्यात शिरलं, पण फार खोल नाही. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. त्यांची की माझी, कळलं नाही.

आणि मग साडेसहाशे माणसांनी आपला डावा हात धरून किंकाळी फोडली.

ते मी जन्मात विसरणार नाही. कंठ्या ओरबाडत होते लोक. ओकत होते. एकमेकांना तुडवत वर धावत होते, पडत होते. पायऱ्यांवर दगडावर डोकी फुटल्याचे आवाज येत होते. एक बाई पाचही बोटं डोळ्यांसमोर धरून पुन्हा पुन्हा मोजत होती. त्यांची वेदना माझ्यात परत येत होती, माझी त्यांच्यात जात होती, कुणीतरी तार उपटेपर्यंत. वस्ताद एका हातानं गळा दाबून बसले होते आणि दुसऱ्या हातानं माझ्या खोबळ्याचा बंद सोडवत होते. बोटं निसरडी होत होती. तरी त्यांनी सोडवला.

*

बावीस टाके पडले वस्तादांना. श्वासनलिका केसाएवढ्या अंतरानं वाचली. इंद्रजितच्या मनगटात धातूची पट्टी बसवली. पायऱ्यांवरून पडलेल्यांपैकी एक आजोबा चार दिवसांनी गेले. गुजरातमधून नातवंडांना घेऊन आले होते.

मॅडम दवाखान्यात आल्या. रडून रडून डोळे सुजलेले. त्यांनी माझ्यासमोर आलेख धरला. दोन रेघा. "ही प्रेक्षकांची. ही तुमच्या खांद्याची. बघा देवयानी, प्रत्येक वाराआधी त्यांची रेघ वर जाते. सेकंदाचा पाचवा हिस्सा आधी. शेवटचा वार तुमच्यात सुरूच झाला नव्हता. त्यांच्यात झाला. मी चौकशीत हे सांगणार आहे. खाण मी बंद केलीये, माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे. पण तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

"आणि घरातली ताटली?" मी विचारलं. "तिचा आलेख आहे?"

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

नंतर पत्रं आली. बरीच. प्रत्येकाचं म्हणणं तेच, मला तसं काही नको होतं, मला तर भीती वाटत होती. खोटं नसेल ते. त्यांची भीती सरासरीत विरली. माझीही विरली.

डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. ओवी रात्री माझ्याजवळ यायची, प्लास्टरवर हात फिरवायची, अंगठा शोधायची आणि परत निवासकडे जायची. उजवा मी पाठीखाली दाबून झोपायचे.

*

दीड महिन्यानं वस्तादांचा निरोप आला. सकाळी तालमीत ये, निवासला हलगी घेऊन आण, पोरीलाही आण.

माती नुकतीच उकरून भिजवलेली होती. बाकी कुणी नव्हतं. वस्तादांच्या गळ्यावर जाड जांभळी वळी. आवाज घोगरा झाला होता, अर्धा वाराच. मांडीवर पट्टा आणि शेजारी लिंबू.

"घाल," ते म्हणाले.

"वस्ताद, पाया पडतो. मान काढून घ्या."

"दिली ती दिली. घाल म्हनतोय न्हवं."

"त्या दिवशी मी खोटं बोललो तुमच्याशी. भ्या वाटत नव्हतं मला. तुम्ही इचारलं, मी वाटतंय म्हणालो."

निवासनं ओवीला जवळ ओढून घेतलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी खांद्याला हात लावला न्हाई. त्या यंत्रापायी. चाळीस वर्षांचा रिवाज मी एका बाईच्या सांगण्यावरनं सोडला. गेलेल्यातली निम्मी बोटं माझ्या नावावर हैत तुझी. आता घाल."

मी हात खोबळ्यात घातला. त्यांनी बंद आवळला. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा पंजा माझ्या खांद्यावर आला. मधे काही नव्हतं. ऊन चढलं नाही. पाठ गार होती. समोर एक म्हातारा माणूस होता, त्याच्या गळ्यावर मी काढलेली रेघ होती, ती अजून नीट भरलेली नव्हती. आणि खांदा, मग कोपर, मग चार फुटांचं ते पातं टोकापर्यंत थरथरायला लागलं. झणझण आवाज यायला लागला त्याचा. मी दाबायला बघितलं, दबेना.

"भ्या वाटतंय काय?"

"वाटतंय, वस्ताद," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "लई वाटतंय."

त्यांनी डोळे मिटले होते. पंज्यानं ऐकत असल्यासारखे. "मग तुझाच हाय ह्यो हात," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाचा न्हाई."

ते आडवे व्हायला वाकले. मी त्यांना वाकू दिलं नाही. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी मी बंद ओढला, दातांनी गाठ सोडवली आणि पट्टा मातीत ठेवला. मग वस्तादांनी लिंबू उचललं, धोतराला पुसलं आणि ओवीच्या हातात दिलं.

घरी आल्यावर निवासनं ते चिरलं, साधं, विळीवर. ओवीनं एक फोड चोखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरी मागितली.

दुपारी ती माझ्याजवळ आडवी झाली. प्लास्टर आता निघालेलं होतं. तिनं डावा हात उलटसुलट करून पाहिला, मोकळ्या जागेवर बोट फिरवलं. मग मला ओलांडून पलीकडे गेली आणि पाठीखालून उजवा हात ओढायला लागली. मी तो दिला.

"हलतोय," ती अंगठा मुठीत धरून म्हणाली.

"हो. भीती वाटतेय त्याला."

तिनं दुसरा हातही वर ठेवला, पाखरू झाकावं तसा. थोड्या वेळानं तिचा श्वास लांबला. हात थरथरतच होता. मी तो तसाच राहू दिला.